आधी धमनीचा आकार, मग रंग

पुणे

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

मेंदूतल्या धमनीला आलेल्या फुग्यात (ॲन्युरिझममध्ये) रक्त कसं वाहतं, याच्या तुझ्या संगणकी मॉडेलची चित्रं पाहिली. भिंतीवरच्या ताणाचे रंग: फुग्याच्या टोकाला निळा, मानेपाशी, म्हणजे फुगा धमनीला जुळतो तिथे, लाल. सुरेख आली आहेत. पण धमनीचा आकार कसा काढलास, यावर अहवालात एकच ओळ आहे. मला काळजी वाटते ती तिथेच.

नळीतल्या प्रवाहाचं जुनं गणित आठव. प्रवाह तेवढाच ठेवला तर भिंतीवरचा घर्षण-ताण, म्हणजे वाहतं रक्त भिंतीला घासून देतं तो ताण, त्रिज्येच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. कवटीत शिरलेल्या कॅरोटिडची, म्हणजे मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीची, त्रिज्या साधारण २ मिलिमीटर. सेगमेंटेशनमध्ये, म्हणजे स्कॅनवरून धमनीची कडा आखताना, ती ०.२ मिलिमीटर आत धरलीस, म्हणजे सीटी अँजिओच्या (धमन्यांच्या सीटी स्कॅनच्या) जेमतेम अर्ध्या व्हॉक्सेलने, स्कॅनमधल्या सर्वांत छोट्या ठोकळ्याच्या निम्म्याने, तर ताण ३७ टक्क्यांनी जास्त येतो. मेश, म्हणजे गणितासाठी त्या आकाराची पाडलेली जाळी, कितीही बारीक केलीस तरी ही चूक तशीच राहते. २०१८ च्या ‘मॅच’ उपक्रमात २६ गटांना एकाच रुग्णाच्या ५ ॲन्युरिझमच्या त्याच प्रतिमा दिल्या होत्या, तरी त्यांनी काढलेल्या आकारांत मोठी तफावत निघाली. म्हणून पाषाणला आयसरच्या ‘परम ब्रह्म’ महासंगणकावर वेळ मिळाला, तर एकच आकार अतिबारीक मेशवर चालवत बसू नकोस. कडा थोडी आत, थोडी बाहेर धरून चार आकार चालव आणि उत्तरं किती हलतात ते अहवालात लिही.

दुसरी गोष्ट आत येणाऱ्या प्रवाहाची. रुग्णाचं डॉप्लर सोनोग्राफीवरचं किंवा एमआरआयवरचं प्रवाहमापन मिळालं तर उत्तम. नसेल तर आकडा पुस्तकातला आहे हे स्पष्ट सांग. तुझा फुगा अँटिरिअर कम्युनिकेटिंगवर, म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागातल्या डाव्या-उजव्या धमन्यांना जोडणाऱ्या छोट्या धमनीवर आहे, तिथे रक्त दोन्ही बाजूंनी येतं. तू एकच बाजू घेतलीस, ते चालणार नाही. रक्त न्यूटोनियन धरावं की नाही, म्हणजे त्याचा चिकटपणा वेग बदलला तरी तेवढाच मानावा की नाही, यावर मात्र एवढ्या रात्री घालवू नकोस. या जाडीच्या धमन्यांत त्याने पडणारा फरक आकाराच्या चुकीपेक्षा सहसा लहान असतो.

आणि ‘हा फुटण्याची शक्यता जास्त’ हे वाक्य काढून टाक. ताण कमी असलेले फुगेही फुटलेले आहेत, जास्त असलेलेही. भिंत किती पातळ झाली आहे हे नेहमीच्या स्कॅनमध्ये दिसतच नाही, मग तुझ्या मॉडेलला ते कुठून कळणार? शंभरातल्या साधारण ३ प्रौढांच्या मेंदूत असा फुगा असतो आणि बहुतेकांचा कधीच फुटत नाही. तुझं वाक्य वाचून एखादं घर घाबरून ऑपरेशनला तयार होईल, आणि त्या ऑपरेशनलाही धोका असतोच. त्याच आकारात फ्लो डायव्हर्टर (रक्त फुग्यापासून वळवणारी, धमनीत बसवायची जाळीची नळी) बसवण्याआधी आणि नंतर फुग्यात शिरणारा प्रवाह किती घटतो, ही तुलना कर. तिथे मॉडेल खरोखर उपयोगी पडतं.

मेंदूचे स्कॅन वाचणाऱ्या न्यूरोरेडिओलॉजिस्ट डॉक्टरांकडे या आठवड्यातच वेळ माग. लॅपटॉप घेऊन जा, त्यांच्या शेजारी बसून फुग्याची मान कुठे सुरू होते ते त्यांच्याकडूनच आखून घे, आणि तो नवा आकार मला पाठव.

तुझा,
सर