खरेदीचं कर्ज विकत घेतलेल्या कंपनीच्याच माथी का?

प्रायव्हेट इक्विटी फंड, म्हणजे गुंतवणूकदारांच्या पैशातून कंपन्या घेऊन पुढे विकणारा फंड, कंपनी विकत घेतो, तर त्यासाठी काढलेलं कर्ज त्याच कंपनीच्या ताळेबंदात कसं येतं, असा प्रश्न आहे.

फंड आधी एक रिकामी कंपनी काढतो. भांडवल आणि कर्ज तिच्यात येतं, शेअर तीच घेते आणि पुढे तिचं विकत घेतलेल्या कंपनीत विलीनीकरण होतं, म्हणून कर्जही तिथेच येतं. तारण विकत घेतलेल्या कंपनीची मालमत्ता. फंडाची हमी सहसा नसते. सौदा बुडाला तर त्याने घातलेलं भांडवल जातं, त्याच्या इतर कंपन्यांना झळ लागत नाही. काही देशांत असं कर्ज विकत घेतलेल्या कंपनीवर टाकायला कायद्याची आडकाठी आहे. तिथे कर्ज शेअर धरणाऱ्या त्या रिकाम्या (होल्डिंग) कंपनीतच राहतं आणि विकत घेतलेल्या कंपनीच्या लाभांशातून फिटतं.

आता आकडे. एबिटडा, म्हणजे व्याज, कर, घसारा वजा करण्याआधीचा नफा, १०० कोटी. किंमत आठपट: ५०० कर्ज, ३०० भांडवल. ९ टक्क्यांनी व्याज ४५, यंत्रसामग्रीवर २५ (घसाराही तेवढाच धरा), २५ टक्क्यांनी कर साडेसात. मुद्दल फेडायला उरले साडेबावीस. पाच वर्षांत एबिटडा १३० झाला आणि १७५ फिटले, तर आठपटीनेच विकून १,०४० येतात. कर्जाचे ३२५ गेले की ३०० चे ७१५ होतात, वर्षाला सुमारे १९ टक्के.

पण हे कर्ज बहुधा तरत्या, म्हणजे बाजाराबरोबर बदलणाऱ्या, दराचं असतं. दर १३ टक्के झाला की व्याज ६५ आणि उरतात साडेसात. थोडी वसुली अडकली, माल पडून राहिला, की तेही संपतात. मग देखभाल आणि नव्या गुंतवणुकीला कात्री लागते, तीच सर्वांत महागात पडते. टॉइज आर अस ही अमेरिकी खेळण्यांच्या दुकानांची कंपनी २००५ मध्ये अशाच सौद्यात ६.६ अब्ज डॉलरला विकली गेली; पुढे व्याजापोटी वर्षाला सुमारे ४० कोटी डॉलर जात राहिले, दुकानं आणि ऑनलाइन विक्री सुधारायला पैसा पुरला नाही आणि सप्टेंबर २०१७ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला.

कागद तपासताना माझी नजर आधी ‘समायोजित’ एबिटडावर जाते. त्यात ‘एकदाच होणारे’ खर्च नफ्यात परत जोडलेले असतात, अजून न झालेली बचतही धरलेली असते. दरवर्षी येणारा खर्च एकदाचा कसा? असे २० कोटी वगळले तर खरा एबिटडा ८० आणि तेच कर्ज पाचपट नव्हे, सव्वासहापट. त्यानंतर परतफेडीच्या तारखा पाहा, आणि फंडाने नवं कर्ज काढून स्वतःला लाभांश घेतलाय का तेही. घेतला असेल, तर त्याचे पैसे बऱ्यापैकी सुटलेले असतात आणि धोका सावकार, पुरवठादार व कामगारांकडे सरकलेला असतो.