गुडघे टेकत नाहीत म्हणून प्रभुभोजन चुकवू नका

प्रिय ताई,

प्रभूमध्ये सलाम. माझं वय ७२. मिशन हॉस्पिटलात परिचारिका होते, नगरमध्येच निवृत्त झाले. मिस्टर जाऊन सहा वर्षं झाली. आमच्या मंडळीतलं, म्हणजे चर्चमधलं, गायनमंडळ मी उभं केलं. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं पेटी-तबल्यावर बसवायची, नाताळच्या आधी महिनाभर तालमी घ्यायच्या, यातच माझं आयुष्य गेलं. यंदा ईस्टरनंतर नवीन कमिटी आली. एका रविवारी उपासना संपल्यावर मला पुढे बोलावलं, शाल आणि गुच्छ दिला, भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि "आता सिस्टरबाईंनी विश्रांती घ्यावी" असं जाहीर करून टाकलं. आधी कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. आता पडद्यावर शब्द येतात, कीबोर्ड वाजतो, मुलं टाळ्या वाजवून हिंदी-इंग्रजी गाणी म्हणतात. मला ते ऐकवत नाही.

गुडघे गेलेत. वेदीपुढे टेकता येत नाही, म्हणून प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि प्याला घेण्याच्या, आधीच उठून घरी येते. मुलगा पुण्याहून म्हणतो, घर विक आणि इकडे ये. मला कुणावर ओझं व्हायचं नाही. रात्री भीती वाटते. मरणाची एवढी नाही, पण अंथरुणाला खिळण्याची वाटते. वॉर्डात ते फार पाहिलंय. बायबल अभ्यासात हे बोलले तर एक बहीण म्हणाली, "सिस्टर, तुमचा विश्वास कमी पडतोय." खरंच कमी पडतोय का? ख्रिस्ती माणसानं म्हातारं व्हावं तरी कसं?

– एक निवृत्त परिचारिका, नगर

प्रिय सिस्टरबाई,

तुमचं मूळ पत्र चार पानांचं. इथे जागेअभावी थोडक्यात छापलंय. त्यातली साडेतीन पानं गायनमंडळाची होती आणि प्रभुभोजनाची एकच ओळ. मी त्या ओळीशी अडले. पण आधी घड्याळाचं बोलू, नाहीतर पुढचं तुम्ही रागारागात वाचाल.

कमिटीचं चुकलं. बदल करायचा त्यांना हक्क होता, पण न विचारता, सगळ्यांसमोर, हातात गुच्छ देऊन माणसाला घरी बसवायचं याला सत्कार म्हणत नाहीत. हे चर्चच्या पाळकसाहेबांना जाऊन सांगा. तक्रार म्हणून चार जणींमध्ये नको, समोर बसून, एकदाच. "मी जायला तयार झालेही असते, पण तुम्ही मला ते म्हणू दिलं नाहीत" एवढं वाक्य पुरे.

आता दुसरी बाजू. बायबलात शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात बर्जिल्लय नावाचा म्हातारा आहे. आपल्याकडे त्याच्यावर प्रवचन क्वचितच होतं. मुलगा अबशालोम याच्या बंडात दावीद राजा जीव घेऊन पळाला तेव्हा या माणसानं आणि आणखी दोघांनी त्याला अंथरुणं, भांडी, गहू, डाळी, मध, दही असं सगळं पोहोचवलं. बंड मोडल्यावर राजा म्हणाला, चल माझ्याबरोबर यरुशलेमेत, तुझं सगळं मी पाहीन. बर्जिल्लय म्हणतो, मी ऐंशी वर्षांचा झालो. मला आता खाल्लेल्याची चव कळत नाही, गाणाऱ्यांचा आवाज नीट ऐकू येत नाही, मी आपल्याला ओझं कशाला होऊ? मला माझ्या गावात, आईबापांच्या कबरीजवळ मरू द्या. आणि मग पुढे म्हणतो, हा किम्हाम आहे, याला घेऊन जा.

"ओझं" हा शब्द तुम्हीही वापरलाय, म्हणून हे सांगते. बर्जिल्लय स्वतःहून बाजूला झाला आणि जाता जाता एका तरुणाचा हात राजाच्या हातात दिला. तुमचा सोडण्याचा मान कमिटीनं हिरावला, हे खरं. पण किम्हाम पाठवणं अजून तुमच्याच हातात आहे. तुमच्या पत्रात इतक्या वर्षांच्या गायनमंडळाचं वर्णन आहे, आणि त्यात एकाही मुलामुलीचं नाव नाही की हिला मी चाली शिकवल्या, हा आता पेटीवर बसू शकतो. माझा तर्क चुकीचा असेल तर आनंदच आहे. बरोबर असेल तर कमिटीला दुसरं काय सुचणार होतं?

गाण्यांबद्दल एक गोष्ट लक्षात घ्या. टिळकांची भजनं ही आज आपली जुनी, सोवळी गाणी झालीत. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अभंगांच्या, भजनांच्या वळणाची गीतं मंडळीला दिली, तेव्हा ती नवीनच होती. त्याआधी आपल्या देवळांतून बरीचशी इंग्रजी गीतांची भाषांतरं विलायती चालींवर म्हटली जात. पेटी-तबल्यावर ख्रिस्ती भजन हे त्या वेळच्या एखाद्या कडक बाईला अजिबात रुचलं नसणार. (नगरची असेल तर तिनं ते बोलूनही दाखवलं असेल.) टाळ्या वाजवणारी मुलं मला स्वतःला फार आवडतात असं नाही. पण ती देवळात आहेत.

चाली मात्र जाऊ देऊ नका. भजनाच्या पुस्तकात शब्द असतात, चाल कुठं असते? ती तुमच्या गळ्यात आहे. मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करा, एक भजन, एक कडवं, साध्या आवाजात. गळा थकलाय तर थकलेल्या गळ्यानं. मंडळीतल्या त्या कीबोर्डवाल्या पोराला घरी चहाला बोलवा आणि त्याला फक्त एक चाल द्या. पहिल्याच दिवशी दहा देऊ नका, तो पळेल. आपल्याच घराण्यातलं उदाहरण आहे: टिळकांनी अर्धवट ठेवलेलं ख्रिस्ताच्या चरित्रावरचं काव्य 'ख्रिस्तायन' त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यांच्यामागे पुढे नेलं. कुणीतरी अर्धवट ठेवलेलं पुढे न्यावं लागतं, हे तुमच्या मंडळीतल्या मुलांना कळेल, पण ते अर्धवट काम आधी त्यांच्या हाती तरी पडू द्या.

किम्हाम निवडला म्हणजे सगळं ठरल्याप्रमाणे होईल असंही नाही. केडगावला (दौंडकडचं, नगरचं नव्हे) पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशन या निराधार स्त्रियांसाठीच्या आपल्या संस्थेची सूत्रं मुलगी मनोरमेकडे द्यायचं ठरवलं होतं. ती एकुलती एक लेक १९२१ साली गेली, आणि दुसऱ्याच वर्षी रमाबाई. कानांनी ऐकू येणं कमी झालेलं, अंगात बळ नाही, तरी बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. मुक्ती मिशन आजही चालू आहे. ते दुसऱ्यांनी चालवलं.

आता ती एक ओळ.

तुम्ही प्रभुभोजन घेत नाही, कारण गुडघे टेकत नाहीत. सिस्टरबाई, हे गुडघ्याचं दुखणं नाही. पाळकसाहेबांना "मला बसल्या जागी द्या" म्हटलं असतं तर ते भाकर आणि प्याला घेऊन तुमच्या बाकापर्यंत आले असते. आजाऱ्यांना ते घरी जाऊन देतात, हे तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे. कित्येक वॉर्डांत तुम्हीच पडदा ओढून दिला असेल. तुम्हाला नको आहे ते सगळ्यांसमोर बसून राहणं. पाळक खाली उतरून येणार, सगळी मंडळी बघणार, की सिस्टरबाईंना आता उठवत नाही.

एक विचारते. स्पंजबाथ देताना कोणता पेशंट तुम्हाला सोपा जायचा? जो हात सैल सोडायचा तो, की जो "राहू द्या, राहू द्या" म्हणत चादर घट्ट धरून ठेवायचा तो? चादर धरणाराला वाटायचं आपण सिस्टरचा त्रास वाचवतोय. त्यानं तुमचे हात भरून यायचे आणि शेजारच्या खाटेवरचा ताटकळायचा.

पेत्रानं हेच केलं. शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभू शिष्यांचे पाय धुऊ लागला तेव्हा हा शिष्य म्हणाला, तुम्ही माझे पाय कधीही धुणार नाही. प्रभूचं उत्तर कडक आहे: मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या अगदी शेवटी याच पेत्राला तो म्हातारपणाचं सांगतो: तरुण होतास तेव्हा तू स्वतः कंबर कसून वाटेल तिथे जात होतास, म्हातारा होशील तेव्हा हात पुढे करशील आणि दुसरा कुणी तुझी कंबर बांधील, तुला नको तिथे नेईल. योहान लगेच खुलासा करतो की हे पेत्राच्या मरणाविषयी आहे. पण हात पुढे करायचे आणि दुसऱ्यानं कंबर बांधायची, हे प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या वाट्याला येतं. आणि त्यानंतर प्रभू त्याला काय म्हणतो? माझ्यामागे ये. म्हणजे हात पुढे करणं हेही मागे जाणंच आहे. मागे जाण्यासाठी पाय चालते असावे लागतात असं तो म्हणत नाही.

तुम्ही आयुष्यभर देणाऱ्यांच्या बाजूला उभ्या राहिलात. घ्यायची वेळ आल्यावर तुम्ही देवळातून उठून जाता. म्हातारं कसं व्हावं हा तुमचा प्रश्न, त्याला माझं उत्तर एवढंच आहे: येत्या प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी पाळकसाहेबांना फोन करा, पुढच्या बाकावर बसा आणि मंडळीला बघू द्या. तुमच्या मागे बसलेल्या, गुडघे धरून येणाऱ्या आणखी कितीजणी ते पाहून सुटतील, हे तुम्ही मला नंतर कळवा. आणि काठी घ्या. पेशंटला सांगितलेलं स्वतःला लागू होत नाही असं नर्सिंगच्या शाळेत शिकवत नाहीत.

विश्वास कमी पडतो का? ७१वं स्तोत्र उघडा. म्हातारपणी मला टाकू नकोस, माझं बळ सरत असताना मला सोडू नकोस, अशी सरळ विनवणी त्यात आहे. ज्याला भीती नाही तो अशी प्रार्थना कशाला करेल? गेथशेमाने बागेत प्रभू स्वतः व्याकूळ झाला, हे त्या बहिणीलाही माहीत असणार. बोलताना विसरली असेल. तिच्यावर राग धरू नका, पण तिचं वाक्य उशाशी घेऊन झोपूही नका. हन्ना संदेष्ट्रीचं उदाहरण कुणी दिलं, की ती चौऱ्याऐंशीव्या वर्षीसुद्धा मंदिर सोडून जात नव्हती, तर हसून घ्या. लूकानं तिच्या गुडघ्यांविषयी काही लिहिलेलं नाही.

अंथरुणाला खिळण्याच्या भीतीवर प्रार्थनेइतकाच कागदही उपयोगी पडतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली: बरं होण्याची आशा नसताना यंत्रांवर ठेवायचं की नाही हे आधीच लिहून, दोन साक्षीदारांसमोर सही करून, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे ते प्रमाणित करता येतं. हे लिहिणं म्हणजे अविश्वास नव्हे. वॉर्डात जे पाहिलंत ते तुमच्या मुलानं पाहिलेलं नाही. निर्णयाची वेळ आली तर त्याच्या हातात तुमचे शब्द असू द्या.

घराचं. विकायची घाई करू नका, आणि बक्षीसपत्र तर मुळीच नको. करायचंच झालं तर देखभालीची अट त्यात स्पष्ट लिहून घ्या; ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याचा आधार तेव्हा भक्कम मिळतो. घर मिस्टरांच्या नावावर असेल आणि त्यांनी मृत्युपत्र केलं नसेल, तर १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे तुमचा वाटा एक तृतीयांश आणि उरलेलं मुलांचं, मुलगा-मुलगी सारखे. आधी हे वकिलाकडून समजून घ्या, मग तुमच्या वाट्याचं मृत्युपत्र करा. ज्याला काही मिळणार आहे त्याला किंवा त्याच्या नवरा-बायकोला साक्षीदार करू नका, नाहीतर त्याला दिलेलं बाद होतं.

आणि पुणे? बर्जिल्लयानं नकार दिला म्हणून तुम्हीही द्यावा असं नाही. त्याला राजवाड्यात बोलावलं होतं, तुम्हाला मुलाच्या फ्लॅटमध्ये. आगमनकाळात, नाताळच्या आधीच्या आठवड्यांत, महिनाभर राहून पाहा. तिथली मंडळी पाहा, लिफ्ट पाहा, बाथरूममध्ये धरायला कडी आहे का ते पाहा. नाताळला नगरला परत या आणि मग ठरवा. मुलाशी हे फोनवर बोलू नका. तो पुढच्या खेपेला येईल तेव्हा कागद समोर ठेवून बोला, आणि सुनेलाही तिथे बसवा. उद्या दवाखान्यात धावपळ बहुधा तीच करणार आहे.

तुमची,
ताई