रद्दीतून आलेलं कॉमिकचं पान : कागद कोणाचा, चित्र कोणाचं?

प्रश्न : मी सांगलीत एका पतसंस्थेत क्लार्क आहे. जुन्या कॉमिक्सची मूळ चित्रं जमवायचा नाद आहे, पण खिसा बेताचा. पुण्यातल्या एका जुन्या पुस्तकांच्या व्यापाऱ्याकडून १९७०च्या दशकातल्या कॉमिकचं हाताने काढलेलं एक पान २१,००० रुपयांना घेतलं. सात-सात हजारांचे तीन हप्ते ठरले. दोन यूपीआयने दिले, पान घरी आलं. फोटो फेसबुकवर टाकल्यावर चित्रकाराच्या मुलाचा मेसेज आला : ‘बाबांनी हे कधी विकलं नव्हतं. छपाईला दिलं होतं, प्रकाशकाने परत केलं नाही. पान द्या, नाहीतर पोलिसांत जातो.’ व्यापारी म्हणतो, रद्दीच्या गठ्ठ्यात मिळालं, माझा संबंध संपला. चित्रकार हयात नाहीत, प्रकाशनसंस्था बंद पडली आहे. पान देऊन टाकू का? तिसरा हप्ता भरू का? या पानाच्या ए-थ्री आकाराच्या २० प्रिंट पाचशेला एक अशा विकून निम्मे पैसे सोडवायचं मनात होतं, ते करता येईल का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथे वादाला जागाच नाही. प्रिंट काढू नका. तुम्ही कागद विकत घेतलात. त्यावरच्या चित्राच्या प्रती काढायचा हक्क कागदाबरोबर येत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार तो चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. तो आज वारसांकडे असेल किंवा प्रकाशकाकडून पुढे कोणाकडे गेला असेल, पण तुमच्याकडे नाही हे नक्की. जाणूनबुजून उल्लंघन केल्यास कलम ६३ खाली किमान सहा महिने कैद आणि ५०,००० रुपये दंड आहे. प्रिंट विकण्याचा दुसरा तोटा तुमच्या लक्षात आलेला दिसत नाही, तो पुढे सांगतो.

आता कागद. कागदाची मालकी आणि चित्रावरचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ही गल्लत जगभर होते. अमेरिकेत कॉमिक्सचे चित्रकार जॅक कर्बी यांना बऱ्याच भांडणानंतर १९८७ मध्ये मार्व्हल या कॉमिक्स प्रकाशनसंस्थेकडून दोनेक हजार मूळ पानं परत मिळाली. पात्रांवरचा हक्क मात्र मिळाला नाही. तुमच्या भांडणात मुलगा कागद मागतोय, त्यामुळे आधी मालविक्री कायदा, १९३० बघायचा.

त्याचं कलम २७ खरेदीदाराला कडू लागतं. विकणाऱ्याकडे जी मालकी नव्हती, ती तुम्हाला मिळत नाही. तुम्ही दाम मोजले, प्रामाणिकपणे घेतलं, तरीही. प्रामाणिकपणाचा उपयोग फौजदारीत होतो. चोरीचा माल बाळगल्याचा गुन्हा (भारतीय न्याय संहिता, कलम ३१७) होण्यासाठी तो चोरीचा आहे हे माहीत असावं लागतं किंवा तसं मानायला कारण असावं लागतं. घेताना तुम्हाला काहीच माहीत नव्हतं. पण मुलाचा मेसेज आला त्या तारखेपासून ‘मला काय ठाऊक’ हे उत्तर दुबळं झालं. म्हणून पान आता गुपचूप कोणाला विकू नका, अदलाबदलही करू नका. मेसेज पुसू नका.

याचा अर्थ मुलगा म्हणतो ते खरंच आहे, असा नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, कलम ११३ : वस्तू ज्याच्या ताब्यात, तो मालक नाही हे सिद्ध करायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर. मुलाकडे लेखी मागा : वडील प्रकाशनात पगारी होते की पानामागे पैसे घेत? कराराचं पत्र, व्हाउचर, प्रकाशकाशी झालेला पत्रव्यवहार काही आहे का? पगारी चित्रकाराने ऑफिसचा बोर्ड (जाड चित्रकागद), ऑफिसची शाई वापरून काढलेलं पान बहुधा संस्थेचंच. मग संस्थेने ते रद्दीत घातलं असेल तर मुलाचा दावा लंगडा पडतो. पानामागे पैसे घेणाऱ्या चित्रकाराचं वेगळं. छापायला दिलेला मूळ कागद काम झाल्यावर परत करायचा, असं ठरलं असेल तर प्रकाशक फक्त सांभाळणारा ठरतो. त्याने तो रद्दीवाल्याला दिला तरी रद्दीवाला मालक होत नाही, व्यापारी नाही, आणि तुम्हीही नाही.

इथे पानच साक्षीदार आहे. ते उलटं करून उजेडात नीट बघा. ब्लॉकमेकरचा, म्हणजे छपाईचा ठसा बनवणाऱ्याचा, शिक्का आणि जॉब नंबर असेल तर त्यावरून पान छपाईला गेलं एवढंच कळतं, विकलं गेलं हे नाही. कडेला पेन्सिलीने लिहिलेलं, छापताना चित्र लहान करायचं माप, तारीख, कोणाची सही आहे का ते पाहा. ‘परत’ असा शेरा आणि चित्रकाराचा पत्ता असेल तर मुलाची बाजू एकदम भक्कम होते, हे आधीच मान्य करून बोलणी करा. उलट संस्थेच्या ग्रंथालयाचा किंवा दफ्तराचा क्रमांक असेल तर बोर्ड संस्थेने स्वतःचा म्हणून जपला होता, असं म्हणता येतं. दोन्ही बाजूंचे फोटो मोजपट्टी ठेवून काढा. निळ्या पेन्सिलीच्या रेघा खोडू नका, पांढऱ्या रंगाच्या दुरुस्त्या खरवडू नका, सुटत आलेले संवादाचे फुगे चिकटवू नका, आणि लॅमिनेशन तर नकोच. पुरावा जातो आणि किंमतही.

‘पन्नास वर्षं झाली, आता काय दावा करणार’ या भ्रमात राहू नका. मुदतीच्या कायद्यात अफरातफर झालेल्या वस्तूसाठी तीन वर्षांची मुदत, ती कोणाच्या ताब्यात आहे हे हक्कदाराला पहिल्यांदा कळलं तेव्हापासून मोजतात. इथे ते बहुधा तुमच्या फेसबुक पोस्टमुळे कळलं.

पोलिसांनी बोलावलं तर जा, यूपीआयचे तपशील आणि व्यापाऱ्याशी झालेलं चॅट छापून न्या. पान मागितलं तर पंचनामा आणि त्याची प्रत घेतल्याशिवाय हातातून सोडू नका. मालकी कोणाची हे चौकीत ठरत नाही.

व्यापाऱ्याकडे वळू. ‘माझा संबंध संपला’ हे कायद्यात चालत नाही. विकणाऱ्याला विकायचा अधिकार आहे, ही अट मालविक्री कायद्याच्या कलम १४ नुसार प्रत्येक विक्रीत न लिहिताही असते. पान मुलाचं ठरलं तर तुम्ही दिलेले १४,००० रुपये व्यापाऱ्याने परत द्यायचे, गठ्ठा त्याला किलोच्या भावाने मिळाला असला तरी. तिसरा हप्ता मात्र नुसता थांबवू नका. गप्प बसलात तर थकबाकीदार तुम्ही. स्पीड पोस्टाने आणि व्हॉट्सअॅपवरही लिहा : अमुक तारखेला पानावर हक्क सांगितला गेला आहे. पान तुम्ही कोणाकडून, कधी घेतलं ते १५ दिवसांत कळवा. ७,००० रुपये मी बाजूला ठेवले आहेत, खुलासा मिळताच देईन. आणि रक्कम खरोखर बाजूला ठेवा.

उत्तर आलं नाही तर ग्राहक आयोग. २०१९च्या कायद्यानुसार तक्रार तुम्ही राहता तिथे, म्हणजे सांगलीच्या जिल्हा आयोगात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं. आता प्रिंटचा दुसरा तोटा. पुनर्विक्रीसाठी किंवा व्यापारी हेतूने घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही. प्रिंट विकल्यात की व्यापाऱ्याचा वकील पहिल्याच तारखेला त्याची जाहिरात समोर ठेवेल.

एवढं सगळं २१,००० रुपयांसाठी कोर्टात लढवणं मला तरी परवडणारं वाटत नाही. समझोत्याची जागा कॉपीराइट कायद्याच्या कलम ५३-अ मध्ये आहे, आणि ते वकिलांच्याही फारसं वाचनात नसतं. मूळ चित्र दहा हजारांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर चित्रकार किंवा त्याचे वारस त्या किमतीत वाटा मागू शकतात, कमाल १० टक्के. अट अशी की कॉपीराइटचा पहिला मालक चित्रकार असायला हवा. पैसे देऊन काम करून घेणारा पहिला मालक ठरतो, असं सांगणाऱ्या कलम १७ च्या खंडात ‘पेंटिंग’ आहे, ‘ड्रॉइंग’ नाही. ५३-अ मध्ये मात्र ‘ड्रॉइंग’ स्पष्ट लिहिलंय. शाईच्या रेघांचं पान काढणारा, पानामागे पैसे घेणारा चित्रकार त्यामुळे पहिला मालक ठरायची शक्यता बरीच. तुमच्या व्यवहारात हा वाटा २,१०० रुपयांपर्यंत होतो, आणि त्याची मागणी विकणाऱ्याकडे व्हायला हवी.

तेव्हा तिघांनी बसावं. तिसरा हप्ता व्यापाऱ्याऐवजी वारसांना द्यायचा, व्यापाऱ्याने त्यावरचा हक्क सोडायचा, आणि वारसांनी पान तुमचं असल्याचं मान्य करायचं. बाबांचं नाव लिहून चांगल्या रिझोल्यूशनचं स्कॅन त्यांना द्या. अनेक घरांना पैशापेक्षा तेच हवं असतं. करार ५०० रुपयांच्या स्टँपपेपरवर करा, त्यात पानाचं माप, कॉमिकचा अंक, पान क्रमांक आणि पाठीमागचे शिक्के नोंदवा. ‘या करारात कॉपीराइटचा समावेश नाही’ हे वाक्यही घाला, म्हणजे वारस निर्धास्त होतील.

सही एकट्या मुलाची घेऊ नका. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, सगळे मुलगे, सगळ्या मुली आणि चित्रकाराची आई त्यांच्यामागे हयात राहिली असेल तर तीही, अशा सगळ्यांचा वाटा असतो. मृत्युदाखला आणि वारसांची यादी आधी मागवा. ती द्यायला मुलगा टाळाटाळ करू लागला तर हप्ता कोणालाच देऊ नका आणि मुलाशी झालेली पत्रं मला पाठवा.