तांब्याआधी चांदी घे

विजेच्या मदतीनं कार्बन डायऑक्साइडचं उपयोगी पदार्थांत रूपांतर करायच्या प्रयोगांत उत्प्रेरक म्हणून तांब्यापासूनच सुरुवात करायची तुझी घाई समजते. कार्बन डायऑक्साइडपासून इथिलीन, इथेनॉल लक्षणीय प्रमाणात देणारा तो एकमेव शुद्ध धातू. पण त्यावर डझनभराहून जास्त पदार्थ तयार होतात आणि ते मोजताना नवशिक्याची दमछाक होते. आधी चांदीचे नॅनोकण घे. तिथे मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन, त्यामुळे हिशेब जुळवणं सोपं. फॅराडे कार्यक्षमतेची, म्हणजे दिलेल्या विजेपैकी किती टक्के कोणत्या पदार्थात गेली याची, बेरीज १०० टक्क्यांच्या आसपास येत नसेल, तर आलेख काढत बसू नकोस, आधी वायूगळती शोध.

कण जितका लहान तितका चांगला, हे डोक्यातून काढ. तांब्याचे कण ५ नॅनोमीटरखाली गेले की कडाकोपऱ्यांवरच्या अणूंचं प्रमाण वाढतं आणि हायड्रोजनच जास्त सुटतो.

आणि कळकळीनं सांगते, समोरचा इलेक्ट्रोड प्लॅटिनमचा ठेवू नकोस, ग्राफाइटचा घे. प्लॅटिनम विरघळून कॅथोडवर, म्हणजे तुझे कण असलेल्या इलेक्ट्रोडवर, बसतं, मग हायड्रोजनशिवाय फारसं काही हाती लागत नाही. माझे कित्येक आठवडे यात गेले. कार्बन डायऑक्साइडऐवजी आरगॉनमध्येही एक चाचणी घेच, कारण कणांवरच्या लिगंडमधला (पृष्ठभागाला चिकटलेल्या सेंद्रिय रेणूंमधला) कार्बनसुद्धा फसवतो. खात्रीसाठी कार्बन-१३ (कार्बनचा जड समस्थानिक) असलेला कार्बन डायऑक्साइड वापर. प्रयोगानंतर कण पुन्हा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघ, बरेचदा ते एकमेकांना चिकटलेले असतात.