शवासन सोडून उठू नकोस

बाळा, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. रोज तासभर आसनं चाललीयत, सूर्यनमस्कार बारावरून चोवीसवर गेले, पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय पसरून बसून पुढे वाकताना, कपाळ गुडघ्याला टेकायला लागलं, हे सगळं वाचून खरंच बरं वाटलं. पण खाली घाईघाईत लिहिलंयस की रात्री झोप लागत नाही, सकाळी उठल्यावर जबडा दुखतो आणि शवासनाला वेळ उरत नाही म्हणून ते सोडून देतेस. मला त्या ओळीवरच बोलायचंय, कारण झोपेचं आणि जबड्याचं उत्तर बरंचसं तिथेच आहे.

शवासन म्हणजे क्लास संपल्यावर पाठीवर पडून घ्यायची पाच मिनिटांची सुट्टी असं बऱ्याच जणांना वाटतं. अगं ते एक आसन आहे, आणि माझ्या मते शिकायला सगळ्यात अवघड. हठयोगप्रदीपिका या साधारण १५व्या शतकातल्या योगग्रंथात स्वात्मारामांनी मोजकी पंधरा आसनं दिली त्यात शवासन आहे, आणि ते थकवा घालवतं, चित्ताला विश्रांती देतं असं स्पष्ट सांगितलंय. त्याच्याही कितीतरी आधी पतंजलींनी योगसूत्रांत आसनावर तीनच सूत्रं लिहिली, त्यातलं दुसरं प्रयत्न सैल करण्याबद्दल आहे. कपाळ गुडघ्याला लागलं पाहिजे असं एकाही सूत्रात नाही बघ.

म्हणून पुढच्या वेळी पश्चिमोत्तानासनात गेलीस की मध्येच तपास, दात एकमेकांवर दाबलेत का, श्वास अडवून धरलाय का, पायाची बोटं आवळलीत का. एकाचं जरी उत्तर हो आलं तर चार बोटं मागे ये आणि तिथे थांब. दात आवळून तासभर व्यायाम केला तर शरीर दात आवळायचीच प्रॅक्टिस करतं ना, मग रात्री जबडा सुटेल कसा. (तरी एकदा डेंटिस्टला दाखव, रात्री झोपेत दात खाल्ल्यानेही जबडा असा दुखतो.)

आता मुख्य गोष्ट. सैल पडणं हे कौशल्य आहे, ते शिकावं लागतं, नुसतं आडवं झालं की होतं असं नाही. शिकवताना मी लोकांच्या चेहऱ्यापेक्षा हाताच्या अंगठ्यांकडे जास्त बघते. माणूस पडलेला असतो, डोळे मिटलेले, श्वास शांत, आणि अंगठा मात्र ताठ. मनगटाखाली हात घालून मी त्याचा हात वीतभर उचलते आणि माझा हात काढून घेते, तर त्याचा हात तिथेच हवेत राहतो. आणि तो मनापासून सांगत असतो की मी एकदम रिलॅक्स आहे. तो खोटं बोलत नसतो, त्याला तो ताण जाणवतच नसतो, कारण इतकी वर्षं तो तसाच आहे. जे जाणवत नाही ते सोडणार कसं?

शिकागोचे डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी आयुष्यभर हाच प्रश्न धरून ठेवला होता. स्नायूंमधली अगदी सूक्ष्म विद्युत हालचाल मोजून त्यांनी दाखवलं की हात वाकवायची नुसती कल्पना केली तरी हाताच्या स्नायूंत काहीतरी घडतं, आणि मनातल्या मनात शब्द बोलले तरी जिभेच्या स्नायूंत हालचाल होते. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण आपण म्हणतो डोक्यात विचार चालू आहेत, पण ते चालू असताना जीभही कामाला लागलेली असते, आणि मनाला गप्प बस म्हटलं तर ते ऐकत नाही पण जीभ सैल सोडता येते. त्यांनी १९२९ साली जी पद्धत मांडली ती अशी की एकेक स्नायू आधी मुद्दाम आवळायचा, ताण कसा लागतो ते नीट ओळखायचं आणि मग आवळणं बंद करायचं, वेगळं काही करायला जायचं नाही.

तर तू असं कर. पाठीवर पड, पाय एकमेकांपासून लांब, हात अंगापासून थोडे दूर, तळवे वर, डोक्याखाली एखादी घडी म्हणजे हनुवटी वर उचलली जाणार नाही. कंबर जमिनीपासून फार उचललेली वाटली तर गुडघ्यांखाली चादरीची गुंडाळी ठेव. अंगावर काहीतरी पांघर, आसनांनंतर पडून राहिलं की अंग गार पडतं आणि गारठलेलं शरीर आपोआप आखडतं. मोबाईल खोलीबाहेर ठेवलास तर उत्तम.

मग उजव्या हाताची मूठ वळ, पूर्ण ताकदीने नको, निम्म्याच. पाच सेकंद तशीच ठेव आणि ताण कोपराकडे कुठपर्यंत चढतो ते बघ. मग सोड आणि पुढची वीस-तीस सेकंद काहीही न करता त्याच हातात लक्ष राहू दे, बोटं अजून थोडी थोडी उलगडत राहतात ते कळेल. ही वीस-तीस सेकंदं गाळू नकोस, सगळं शिकणं तिथेच होतं. मग डावा हात, पाय, पोट, खांदे, घाई नाही, एका दिवशी नुसते दोन हात झाले तरी पुष्कळ. चेहऱ्याला मात्र वेळ दे. दातांत फट राहू दे, ओठ हलके मिटलेले. जीभ टाळूला चिकटलेली असेल, तिला खाली तोंडात पडू दे. पापण्यांच्या आत बुबुळं इकडेतिकडे फिरत असतील तर तीही थांबू देत. जीभ आणि डोळे सुटले की विचार पातळ होतात, हे तुला स्वतःला जाणवेल.

श्वासाचं थोडक्यात सांगते. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना मंदावतात, म्हणून उच्छ्वास थोडा लांब झाला की शरीर आपोआप शांत व्हायला लागतं. पण आकडे मोजत ओढाताण नको, सोडताना नुसती घाई करायची नाही एवढंच.

हे अंगवळणी पडलं की योगनिद्रेकडे वळ, म्हणजे असंच पडून, जागं राहून शरीरभर लक्ष फिरवायचं. बिहारमधल्या मुंगेरच्या स्वामी सत्यानंद सरस्वतींनी तंत्रमार्गातल्या न्यासावरून ती पद्धत बांधली, न्यासात शरीराच्या एकेका भागावर मंत्र ठेवतात, इथे नुसतं लक्ष ठेवायचं आणि लगेच पुढे जायचं. सुरुवात उजव्या हाताच्या अंगठ्यापासून, मग एकेक बोट, तळवा, मनगट असं. मला त्या क्रमात मोठं शहाणपण दिसतं, कारण मेंदूत स्पर्शाचा जो भाग आहे त्यातली फार मोठी जागा हात आणि चेहऱ्याचीच असते, तिथून लक्ष चटकन आत येतं. भाग भराभर बदलत जातात म्हणून मनाला कशावर रेंगाळायला सवडच मिळत नाही.

मध्येच झोप लागली तर वाईट वाटून घेऊ नकोस. तुझी झोप आधीच थकलेली आहे, शरीर ती वसूल करणारच, पहिले काही आठवडे करू दे. नंतर जागं राहायचं असेल तर एक हात कोपरातून उभा ठेव, डुलकी लागली की तो पडतो आणि जाग येते. उठताना उजव्या कुशीवर वळ, थोडं थांब, मग हाताचा आधार घेऊन बस, एकदम उभी राहिलीस तर चक्कर येते.

आणि एक गोष्ट कुणी सहसा सांगत नाही म्हणून सांगते. काहींना शरीर सैल झालं की उलट धडधडायला लागतं, रडू येतं, भीती वाटते. तसं झालं तर तुझं काही चुकलेलं नाही आणि नेटाने पडूनही राहायचं नाही. डोळे उघड, भिंतीला पाठ टेकून बस, त्या दिवशी श्वासाबरोबर हात वर-खाली करण्यासारख्या साध्या हालचाली कर. पुन्हा पुन्हा होत असेल तर समुपदेशकाशी बोल, त्यात कमीपणा काही नाही.

आईच्या ब्लडप्रेशरबद्दल विचारलंयस. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवून केलेला अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात बऱ्याच जणांचा रक्तदाब उतरला, काहींच्या गोळ्या कमी करता आल्या. रुग्ण थोडे होते हे खरं, पण तेव्हा कुणी इतक्या गंभीरपणे हे तपासलं याचं मला फार अप्रूप आहे. तरी आईच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही कमी करायची नाही. श्वास रोखून धरणं आणि जोरजोरात कपालभाती त्यांना नकोच. जमिनीवरून उठायला त्रास होत असेल तर पलंगावर पडून करू दे, गादी फार मऊ नसली म्हणजे झालं, आणि सुरुवातीला तू शेजारी बसून हळू आवाजात एकेक भाग सांगत जा.