गावातल्या फौजींच्या नावांचा फलक करायचा आहे. जुनी नावं कुठून मिळतील? आणि जे शहीद झाले नाहीत त्यांची घालावीत का?

घालावीत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतोय, कारण त्यावरूनच माझं आणि माझ्या दाजींचं बोलणं बंद आहे.

तुम्ही खानापूर तालुक्यातले म्हणताय, मी बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावचा. म्हणजे चित्र सारखंच. मिसरूड न फुटलेली पोरं पहाटे सडकेवर पळतात, भरतीत नाही झालं तर पुन्हा पुढच्या भरतीची वाट बघतात, आणि एकाची कसम परेड असली की अख्खी भावकी जीप करून बेळगावच्या मराठा सेंटरला, म्हणजे मराठा पलटणींच्या प्रशिक्षण केंद्राला, जाते. असल्या गावात फलकावर फक्त मेलेल्यांचीच नावं घालायची म्हटलं तर बहुतेक फौजी बाहेरच राहतात.

माझा धाकटा काका मराठा पलटणीत होता. 1987 च्या ऑक्टोबरात भारताने श्रीलंकेत पाठवलेल्या शांतिसेनेबरोबर गेला, जाफन्याच्या लढाईत होता. धडधाकट परत आला, हवालदार होऊन पेन्शनीवर आला, मग बेळगावात एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहायचा. शेवटी घरीच, पोटाच्या दुखण्याने गेला. तिरंगा नाही, सलामी नाही, भावकीतली चार माणसं आणि पाऊस.

आमच्या गावाच्या तोंडाशी एक मोरी आहे, सडकेखालून ओढा जातो तिथे. काका त्या मोरीवरून कधी गेला नाही. सायकल खांद्यावर घेऊन ओढ्यात उतरायचा आणि पलीकडच्या बांधावर चढायचा. श्रावणात मांडीएवढं गढूळ पाणी असलं तरी पँट वर करून, बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून ते गळ्यात अडकवून. मी बरोबर असलो की मलाही उतरवायचा आणि म्हणायचा, "मी पाय ठेवतोय तिथंच ठेव, इकडं तिकडं नको." गावात त्यावरून चेष्टा चालायची. हवालदाराला मोरी चावते म्हणायचे. कट्ट्यावर बसलेली माणसं तो ओढ्यातून वर येईपर्यंत बघत राहायची. काका कधी कुणाला एका शब्दाने बोलला नाही. वर आला की पायातला चिखल निपटायचा, बूट घालून नाड्या बांधायचा आणि सायकलवर बसून निघायचा.

लंकेत तमिळ वाघांनी, म्हणजे लिट्टेच्या बंडखोरांनी, सडकांवर आणि मोऱ्यांखाली सुरुंग पेरले होते. काकाच्या बाराव्याला त्याच्याच पलटणीतले एक सुभेदारसाहेब आले होते, त्यांनी काकूला सांगितलं. पुढची गाडी मोरीवर उडाली, त्यातल्या तिघांबरोबर काका आदल्या रात्री एका ताटात जेवला होता. त्यांना उचलून आणणाऱ्यांत काका होता. काकूला लग्नाला इतकी वर्षं होऊन हे माहीत नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "मग मला सांगायचं तरी की."

शांतिसेनेतले अकराशेच्या वर जवान तिकडेच गेले. 1990 च्या मार्चमध्ये शेवटची तुकडी परत आली तेव्हा तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. तेव्हा आपली माणसं विसरायला आपल्याला लढाई हरावी लागते असंही नाही.

आता दाजी. आमच्या गावात फलक करायचं ठरलं तेव्हा कमिटीत तेच पुढे होते. मी काकाचं नाव दिलं, तर सगळ्यांसमोर म्हणाले, "अंथरुणात मेलेल्याचं नाव शहिदाशेजारी घालायचं? आणि नुसती नोकरी केलेल्यांची घातली तर भिंत पुरायची नाही." मी म्हटलं, भिंत वाढवा. बैठक तिथंच मोडली. फलक झाला, 4 फेब्रुवारीला मराठा दिनाच्या मुहूर्तावर, तानाजीने कोंढाणा घेतला त्या तारखेला, नारळ फुटला. वर एका शहिदाचं नाव, आणि खाली देणगीदार, कमिटी, उद्घाटक, प्रमुख पाहुणे अशी रांग. दाजींचं नाव त्यात आहे. म्हणजे भिंत कुणाकुणाला पुरते ते आम्ही पाहिलं.

दाजी दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकाचा दाखला देतात. ते 2019 साली झालं, तिथे 1947 नंतरच्या मोहिमांत गेलेल्यांचीच नावं आहेत, हे खरं. देशाला तसं करावंच लागतं, त्याशिवाय गत्यंतर नाही. गावाला कसली अडचण? गावाला प्रत्येक घर माहीत असतं. आणि दाखलाच हवा तर पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी गावोगावच्या चावड्यांवर लावलेल्या संगमरवरी पाट्या बघा. ह्या गावातून 1914 ते 1919 च्या महायुद्धाला इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, असा मजकूर. आधी गेलेल्यांचा आकडा, मग मेलेल्यांचा. नावं नाहीत, हा त्यांचा कंजूषपणा. पण कोण गेला ते मोजायची अक्कल होती.

हां, नावं कुठून मिळतील ते राहिलंच.

पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धात मेलेल्यांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साईटवर शोधा. तिथे बेळगावी लिहून काही सापडणार नाही, जुनं इंग्रजी स्पेलिंग (Belgaum) टाका, आणि मुलूख मुंबई इलाख्याचा आहे हे ध्यानात ठेवा. कारकुनाने ऐकू आलं तसं नाव लिहिलंय, त्यामुळे बापाचं नाव आणि गाव जिथे दिलंय त्यावर भरवसा ठेवा. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, मराठ्यांच्या बऱ्याच पलटणी होत्या. 103, 110 आणि 117 नंबरच्या पलटणी तर तिथल्या कूत गावच्या वेढ्यात सापडल्या आणि 29 एप्रिल 1916 ला कैद झाल्या. ज्यांची कबर नाही अशांची नोंद बसरा स्मारकाखाली मिळते.

पुढच्या काळासाठी नंबर शोधा, नावामागे लागू नका. एका गावात एकाच नावाचे चार पाटील असतात, आर्मी नंबर एकाचाच. डिस्चार्ज बुक किंवा पीपीओ (पेन्शनचा हुकूमनामा) असला तर प्रश्नच नाही. नसला तर मेडलची कड बघा, तिथे नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं असतं (चांदीची म्हणून सोनाराकडे गेली ती गेली). तेही नसेल तर ट्रंक. काकाच्या काळ्या ट्रंकेला काकूने पोरीच्या लग्नात हिरवा ऑइलपेंट मारला होता आणि आत बियाणाचं भात ठेवलं होतं. झाकण तिरपं धरून उन्हात नेलं तेव्हा रंगाखालून आकड्यांचा उंचवटा दिसला.

नंबर मिळाला की त्या त्या रेकॉर्ड ऑफिसला वारसाच्या सहीने अर्ज करा. सगळे मराठा सेंटरलाच जातात आणि हात हलवत परततात. मराठ्यांचं रेकॉर्ड बेळगावला आहे, पण बॉम्बे सॅपर्सचं (फौजेतले इंजिनियर) खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला, सिग्नलचं जबलपूरला, ईएमईचं (गाड्या-यंत्रं दुरुस्त करणारे) सिकंदराबादला. फलकावर ड्रायव्हर, लांगरी (स्वयंपाकी), धोबी सुद्धा घ्या. लांगरी नसता तर लढणारे दोन दिवसांत बसले असते.

फलकाच्या भाषेवरून भांडण होणार, आपल्याकडे होतंच. मराठी आणि कन्नड दोन्ही घाला आणि विषय संपवा. मराठा पलटणीत कन्नड बोलणारी पोरंही असतात, त्यांनी कधी तक्रार केलेली ऐकली नाही.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. घरच्यांना विचारल्याशिवाय कुणाचंही नाव घालू नका. काही घरांत फौजेचं नाव काढलं की वाद होतात, काहींची नोकरी मध्येच सुटलेली असते आणि त्यांना ते चारचौघांत नको असतं. आणि नंबर, पेन्शनचे कागद व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, म्हाताऱ्या पेन्शनरांना फसवणारे टपूनच आहेत. शहिदाचं नाव मात्र वेगळं आणि वर असावं, ह्यात दाजींचं बरोबर आहे. मी त्याला कधी ना म्हटलं नव्हतं.

दाजींचा मुलगा ह्या साईटवर असतो, त्याने घरी वाचून दाखवावं. फलकाखाली आणखी एक फरशी बसवायला काय पडतं ते मी गवंड्याला विचारून ठेवलंय. खर्च माझा. माझं नाव कुठे घालायचं नाही.