प्राणिशास्त्रातून बालविकासाच्या संशोधनाकडे: उशीर झालाय का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालंय, सध्या कनिष्ठ महाविद्यालयात शिकवताय, पण ओढा लहान मुलांच्या विकासावरच्या संशोधनाकडे आहे. घरचे म्हणतात, त्यासाठी बारावीनंतरच मानसशास्त्र घ्यायला हवं होतं. शिवाय ‘विकासातली गुंतागुंत’ हा खरंच अभ्यासाचा विषय आहे की नुसते भारदस्त शब्द, अशीही शंका तुम्ही काढली आहे. नवजात अतिदक्षता विभागातून घरी गेलेल्या बाळांच्या विकासतपासणीत मी बरीच वर्षं काम करते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शंकेचं उत्तर आधी देते. ते नीट कळलं की करिअरचा निम्मा गोंधळ आपोआप कमी होतो. आणि त्यासाठी बाळांच्या हालचालींचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन संशोधक एस्थर थेलन यांच्याइतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

थेलन १९४१ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये जन्मल्या. पदवी प्राणिशास्त्राची. मधली काही वर्षं मुलं वाढवण्यात गेली, मग मिसुरी विद्यापीठात त्या पुन्हा शिकायला लागल्या. तिथे अभ्यास कशाचा केला, तर एका बारीकशा परजीवी गांधीलमाशीचा. ती स्वतःचं अंग कसं साफ करते, पायांच्या हालचाली कोणत्या क्रमाने होतात, जनुकीय बदल झालेल्या माश्यांमध्ये तो क्रम कसा बदलतो, हे त्यांनी नोंदवलं. बाळांकडे त्या तिथूनच वळल्या. माशीच्या एकसुरी, तालबद्ध हालचाली नोंदवणाऱ्या माणसाला पाय झाडणारं बाळ दिसलं की हात शिवशिवणारच.

पीएच.डी.साठी त्यांनी २० निरोगी बाळं निवडली आणि पहिलं वर्षभर दर पंधरवड्याला त्यांच्या घरी जाऊन निरीक्षण केलं. पाय झाडणं, हात आपटणं, रांगण्याच्या पवित्र्यात पुढेमागे झुलणं अशा ४७ प्रकारच्या तालबद्ध हालचालींची त्यांनी यादी केली आणि कोणती कोणत्या वयात सुरू होते ते मांडलं. हा लेख १९७९ साली ‘ॲनिमल बिहेवियर’ या प्राण्यांच्या वर्तनाला वाहिलेल्या नियतकालिकात आला. तुमची पदवी आडवी येईल अशी भीती वाटत असेल, तर एवढं लक्षात ठेवा.

त्यांचं गाजलेलं काम नवजात बाळाच्या पावलांचं. बाळाला त्याच्या काखांखाली धरून उभं केलं आणि तळपाय टेबलाला टेकवले, की ते एकामागून एक पावलं टाकतं. तुम्ही पाहिलं असेल. साधारण दोन महिन्यांच्या सुमारास ही पावलं नाहीशी होतात आणि वर्ष भरत आलं की चालण्याच्या रूपात परत दिसतात. मधल्या काळात काय होतं? पाठ्यपुस्तकातलं उत्तर ठरलेलं होतं: मेंदूचा वरचा थर परिपक्व होतो आणि ही आदिम प्रतिक्षिप्त क्रिया दाबून टाकतो. उत्तर इतकं रुळलेलं होतं की ते तपासावं असं फारसं कुणाला वाटत नव्हतं.

थेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट पाहिली. ज्या महिन्यांत उभ्या धरलेल्या बाळाची पावलं बंद होतात, त्याच महिन्यांत तेच बाळ उताणं पडून मनसोक्त पाय झाडत असतं. कंबर, गुडघा आणि घोटा कधी वाकतो, कधी सरळ होतो याचं मोजमाप केलं, तर पाय झाडणं आणि पाऊल टाकणं यांची घडण जवळपास एकच निघाली. मग मेंदू हीच हालचाल उभ्या बाळात दाबतो आणि आडव्या बाळात दाबत नाही, असं म्हणायचं का?

त्यांनी बाळांची वजनं पाहिली. ज्या बाळांचं वजन झपाट्याने वाढत होतं त्यांची पावलं जास्त कमी झाली होती. यावरून १९८४ साली प्रसिद्ध झालेले दोन प्रयोग झाले, आणि ते मी दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना सांगते. पावलं टाकणाऱ्या बाळांच्या पायांना छोटी वजनं बांधली, तर पावलं कमी झाली. ज्यांची पावलं कमी झाली होती अशा बाळांना छातीपर्यंत कोमट पाण्यात धरलं, तर पावलं वाढली. पहिल्या दोन महिन्यांत पाय छान बाळसं धरतात, पण स्नायूंची ताकद त्या वेगाने वाढत नाही. उभं धरल्यावर ते जड पाय गुरुत्वाकर्षणाविरुद्ध उचलले जात नाहीत. उताणं झोपवलं की तेच काम सोपं होतं, पाण्यात आणखी सोपं.

याचा अर्थ मेंदूचा काही संबंध नाही असा अजिबात नाही. अर्थ असा की पाऊल हे एकट्या मेंदूच्या हुकुमावर पडत नाही. पायाचं वजन, स्नायूंची ताकद, शरीराची ठेवण, खालचा पृष्ठभाग, मज्जासंस्था, मुलाची त्या क्षणाची तरतरी किंवा पेंग, हे सगळं एकत्र आलं की पाऊल घडतं. यातलं कुणीच म्होरक्या नाही. एखादी लहानशी गोष्ट बदलली तरी सगळी हालचाल वेगळं रूप घेऊ शकते. विकासाची गुंतागुंत म्हणतात ती हीच, आणि तिचा प्रयोग करता येतो. म्हणून मी तिला भारदस्त शब्द मानत नाही.

पुढे सात महिन्यांच्या, अजून न चालणाऱ्या बाळांना आधार देऊन त्यांनी सावकाश फिरणाऱ्या ट्रेडमिलवर धरलं. पट्टा पाय मागे ओढतो आणि बाळ आलटूनपालटून पावलं टाकायला लागतं. दोन पायांखालचे पट्टे वेगवेगळ्या गतीने फिरवले, तरी बाळं आलटून पावलं टाकण्याची लय सांभाळत होती. यातून बेव्हर्ली आणि डेल उलरिच या संशोधकांनी जे पुढे नेलं त्याबद्दल मला विशेष ममत्व आहे. डाउन सिंड्रोम असलेल्या बाळांना पालकांनी घरीच, दिवसाला ८ मिनिटं, आठवड्यातून ५ दिवस छोट्या ट्रेडमिलवर धरलं. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ही बाळं तुलनेच्या गटापेक्षा सरासरी १०१ दिवस आधी स्वतंत्र चालू लागली. गांधीलमाशीपासून निघालेला धागा इथवर येतो. मूलभूत संशोधनाचा उपयोग काय, असं घरी कुणी विचारलं तर त्यांना हे सांगा.

१९८५ साली थेलन इंडियाना विद्यापीठात गेल्या. तिथे मानसशास्त्रज्ञ लिंडा स्मिथ यांच्याबरोबर १९९३ आणि १९९४ साली दोन पुस्तकं आली आणि गतिमान प्रणालींची दृष्टी, म्हणजे कुणी एक म्होरक्या नसताना अनेक गोष्टींच्या मेळातून वर्तन घडतं असं पाहणं, बालविकासात रुजली. नंतर भौतिकशास्त्राची पार्श्वभूमी असलेल्या ग्रेगर शोनर यांच्याबरोबर त्यांनी स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजेने वर्णन केलेल्या एका जुन्या चुकीवर काम केलं. आठ-दहा महिन्यांच्या बाळासमोर खेळणं काही वेळा एका जागी लपवलं आणि मग त्याच्या डोळ्यांदेखत दुसऱ्या जागी लपवलं, तर ते पहिल्याच जागी हात घालतं. वस्तूची कल्पना अजून पक्की नाही, असा निष्कर्ष काढला जायचा. पण खेळणं न लपवता नुसती झाकणं दाखवली तरी तीच चूक होते, आणि मध्येच बाळाला बसल्याचं उभं केलं तर ती कमी होते. म्हणजे हाताची सवय आणि शरीराची ठेवणही त्या ‘विचारात’ सामील असते. या कामाची गणिती मांडणी तुम्ही सावकाश वाचा, सुरुवातीला तिच्यात अडकू नका. २००४ च्या डिसेंबरमध्ये थेलन गेल्या, वयाच्या ६३ व्या वर्षी. हिशेब केलात तर दिसेल की पीएच.डी. झाली तेव्हा त्या छत्तिशीत होत्या.

आता दिवसभर करायचं काय असतं? मुख्यतः व्हिडिओ पाहायचा. आमच्या कामातलाच एक नेहमीचा तुकडा घ्या: पाच महिन्यांचं बाळ आईच्या मांडीवर, समोर खुळखुळा. अननुभवी माणूस लिहितो, ‘बाळाने हात पुढे केला.’ ही नोंद नाही, हा निष्कर्ष आहे. तोच तुकडा चित्रागणिक पुढे सरकवत पाहिला की आधी नजर खुळखुळ्यावर स्थिरावते, तोंड उघडतं, दोन्ही खांदे वर जातात, डावी मूठ मांडीवर आणखी घट्ट होते, उजवा हात बाजूला फेकला जातो आणि मग वळण घेऊन पुढे येतो. बोटं खुळखुळ्याला लागल्यावर उघडली की आधीच? आणि आईचा तळवा त्या वेळी बाळाच्या छातीवर होता की कमरेवर? आईने हात छातीवरून कमरेवर नेला, की पुष्कळदा पुढचा प्रयत्न फसतो, बाळ कलंडतं. आधाराची जागा टिपलीच नसेल, तर ‘या बाळाला अजून हात पुढे नेता येत नाही’ असा शेरा पडतो आणि आई घाबरून घरी जाते.

एका मिनिटाच्या चित्रणाची अशी नोंद करायला सहज तास जातो. मग दुसऱ्या व्यक्तीने स्वतंत्रपणे तेच नोंदवायचं आणि दोघांचं कितपत जुळतं ते काढायचं. ज्याला यात गोडी वाटते त्याने या क्षेत्रात यावं. ज्याला हे हमालीचं वाटतं त्याने येऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अडॉल्फ यांच्या गटाने नुकत्याच चालायला लागलेल्या मुलांचा मोकळा खेळ चित्रित केला, तेव्हा तासाला सरासरी २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं, असं दिसलं. असे आकडे बसून मोजल्याशिवाय हाती येत नाहीत.

आपल्याकडचं सांगायचं तर प्रमिला फाटक यांचं काम आधी पाहा. बडोद्याच्या बाळांवरून भारतीय प्रमाणं बसवून त्यांनी जी मापनश्रेणी उभी केली, ती ‘दासी’ या लघुनावाने आम्ही रोज वापरतो. तीस महिन्यांपर्यंतच्या मुलांसाठी ६७ कारक (हालचालींच्या) आणि १६३ मानसिक बाबी तिच्यात आहेत. मूल वयाच्या मानाने कुठे आहे हे ती चोख सांगते. ते तिथवर कसं पोहोचलं, हे सांगणं तिचं कामच नाही, आणि संशोधकाला जागा आहे ती नेमकी इथे. आपली बाळं झोळीत झोपतात, कडेवर फिरतात, जमिनीवर बसणाऱ्या-उठणाऱ्या घरात वाढतात. या सगळ्याचा बसण्यावर, रांगण्यावर, हाताच्या कामावर काय परिणाम होतो? अडॉल्फ यांच्या सहकाऱ्यांनी ताजिकिस्तानात बाळाला तासन्‌तास बांधून ठेवणाऱ्या पाळण्याचा असा अभ्यास केला आहे. तो जरूर वाचा.

वाटा कुठल्या, ते आता सांगते. संशोधन आणि उपचार हे दोन रस्ते आहेत, त्यांची सरमिसळ करू नका. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून रुग्ण पाहायचे असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यताप्राप्त पात्रता आणि नोंदणी लागते, आणि तिथे तुमची पदवी खरंच कमी पडेल. संशोधनासाठी तशी अट नाही. अलाहाबाद विद्यापीठाचं वर्तन व संज्ञान विज्ञान केंद्र आणि गांधीनगर आयआयटीतला संज्ञान विज्ञान विभाग यांचे प्रवेशनियम पाहा. मुंबईत एसएनडीटीमध्ये आणि बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात मानव विकासाचे जुने विभाग आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालची जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रंही आहेत. तिथे थेट संशोधन चालत नसलं तरी तऱ्हेतऱ्हेची मुलं पाहायला मिळतात.

पैशाचं खरं सांगायचं तर सुरुवातीची वर्षं प्रकल्पावरच्या नेमणुकीत जातात. प्रकल्प संपला की पुन्हा शोधाशोध. म्हणून पीएच.डी.चा प्रवेश हातात येईपर्यंत कॉलेजची नोकरी सोडू नका.

तोवर एक काम सुरू करा. नात्यातलं तीन महिन्यांचं एखादं बाळ आणि तयार असलेले आईवडील शोधा. त्यांची लेखी परवानगी घ्या. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं, तीच वेळ, तोच खुळखुळा, आधार देण्याची तीच पद्धत, मोबाइल स्टँडवर. काही महिने चित्रण करा. नोंदींसाठी ‘बोरिस’ हे मोफत सॉफ्टवेअर आहे. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासातही ते वापरतात, त्यामुळे तुम्ही कदाचित वापरलंही असेल. पक्ष्यांसाठी करता तसा या बाळाचा इथोग्राम, म्हणजे वर्तनांची व्याख्यांसह यादी, बनवा, प्रत्येक वर्तन कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं असं धरायचं ते लिहून काढा, आणि एका मैत्रिणीकडून त्याच दहा मिनिटांची नोंद करून घ्या. मुलाखतीत हे पाच पानांचं काम दाखवणाऱ्या उमेदवाराकडे मी स्वतः गुणपत्रिकेआधी पाहते.

वर्तनांची यादी तयार झाली की इथेच टाका, मी बघून सुधारणा सुचवेन. बाळाचा व्हिडिओ मात्र इथे किंवा कुठेच टाकू नका, आईवडील ‘चालेल’ म्हणाले तरी.